अमावस्येचा खाडा

आमच्या चिंचपेठ नगरपंचायतीत चंद्राला नोकरीला लावलं, तेव्हा त्या जागेची जाहिरात निघाली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझ्या नावाने खडे फोडायला नको. लावलं मीच. माझं नाव रेश्मा. मी तिथे संगणकावर बसते. माणूस कराडच्या एका एजन्सीची, खुर्ची नगरपंचायतीची आणि बोलणी दोघांची.

झालं असं की वीरधवल साहेब मुख्याधिकारी म्हणून नवीन आले. तरुण, हुशार, आणि हुशार माणसाला रिकामं बसवत नाही हा आजार त्यांनाही होता. भाद्रपदात त्यांनी आदेश काढला: शुद्ध दशमीपासून वद्य तृतीयेपर्यंत गावात चांदणं असतं, सबब या काळात रस्त्यावरचे दिवे लावू नयेत. गावाने मान डोलावली. पण ही बचत वरच्या पोर्टलवर भरायची होती आणि पोर्टलला मान नसते. त्याने विचारलं, दिवे बंद असताना पर्यायी उजेड कोणता? मी लिहिलं, चंद्र. त्याने विचारलं, त्या उजेडाला जबाबदार कर्मचारी कोण? तो रकाना रिकामा सोडला की पान लाल व्हायचं आणि तिथेच अडून बसायचं. तीन दिवस मी त्या लाल पानाकडे बघत होते. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "अहो, काहीतरी भरा आणि पुढे जा." मी भरलं. नाव चंद्र, पद दिवाबत्ती कामगार, प्रकार रोजंदारी, पत्ता आकाश.

वडिलांच्या नावाला अडले. तेवढ्यात केरबामामा चहाचे कप उचलायला आला. केरबा हा आमचा खराखुरा दिवाबत्ती कामगार. पाण्याच्या टाकीमागे एक खोली आहे, तिथे गावातल्या सगळ्या दिव्यांचे खटके आहेत. मध्ये एकदा आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवलं होतं, ते पहिल्याच पावसात गचकलं. तेव्हापासून अंधार पडला की केरबा आणि उजाडलं की केरबा. दिवसा मग फायली ने, कप उचल, कुलूप लाव.

"मामा, चंद्राच्या बापाचं नाव काय?"

"समिंदरातनं निगालाय म्हनत्यात," तो म्हणाला. "समुद्र लिव."

चंद्र समुद्र. जन्मतारीख मी सोडून दिली, तर पोर्टलने आपल्या मनाने १ जानेवारी १९०० घातली. नोकरीला लागल्याची तारीखही तीच. मी म्हटलं, असू दे. त्या एका 'असू दे'ने पुढे घात केला.

कर्मचारी म्हटला की हजेरी आली. पंचांगावरून चंद्रोदय 'आगमन' मध्ये आणि चंद्रास्त 'निर्गमन' मध्ये मी रोज भरायला लागले. आता शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं की चंद्र रोज पाऊण तास, कधी तासभर उशिरा उगवतो. पण ते शिकणं वेगळं आणि लेटमार्क वेगळा. महिना भरायच्या आत चंद्राची वर्षाची किरकोळ रजा संपली. पौर्णिमेला तो संध्याकाळी आला आणि सकाळी गेला; पोर्टलने शेरा मारला, 'कार्यालयीन वेळेत गैरहजर, रात्री विनापरवाना वावर.' वद्य पक्षात एक तारीख अशी निघाली की पंचांगात त्या दिवशी चंद्रोदयापुढे नुसती आडवी रेघ. म्हणजे त्या तारखेला चंद्र उगवलाच नाही. पोर्टल म्हणालं, विनापरवाना गैरहजर. आणि अमावस्येला? अमावस्येला तो सकाळी सव्वासहाला उगवला आणि संध्याकाळी साडेसहाला मावळला. कार्यालयाची पूर्ण वेळ भरली. महिन्याभरात तेवढ्या एका दिवशी हिरवा शेरा आला: 'समाधानकारक.' कोणाला दिसला नाही, पण हजेरी पूर्ण. आमच्याकडे असे आणखीही दोघे-तिघे आहेत, नावं घेत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. साहेबही हसायचे, मीही मेमो छापून केरबाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "मामा, तुमच्या जोडीदाराला द्या." तो घडी घालून खिशात ठेवायचा.

दसऱ्यानंतर वरून आदेश आला. प्रत्येक नगरपंचायतीत दिवाबत्ती कामगाराची एक जागा कायम करायची, आणि ती सर्वांत ज्येष्ठ रोजंदारी माणसाला द्यायची.

केरबा एकोणीस वर्षं याच एका कागदाची वाट बघत होता. त्याची नेमणूक असायची जास्तीत जास्त एकोणतीस दिवसांची. सलग नोकरी झाली तर माणूस कायम करा म्हणेल, म्हणून महिन्यातून एक दिवस त्याला कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम द्यायचा. याला ब्रेक म्हणतात. पूर्वीच्या लिपिकाने हा ब्रेक अमावस्येला ठरवून टाकला होता, आपल्याकडे अवसेला गवंडी, सुतार कोणीच काम धरत नाही म्हणून. मीही तीच रीत चालवली. चार वर्षं दर महिन्याला मी तो हुकूम टाइप केला. केरबाची बायको चंद्राबाई ते सगळे हुकूम पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. मिरजेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याच्या कागदांसाठी ट्रंक उघडली तर वरपासून खालपर्यंत हुकूमच. केरबाला एकच गोष्ट हवी होती: सेवापुस्तक. आपल्या नावाचं, पहिल्या पानावर आपल्या अंगठ्याचा ठसा असलेलं. आणि पुढच्या वैशाखात तो साठीचा होणार होता. आत्ता नाही तर कधीच नाही.

ज्येष्ठता यादी पोर्टलने स्वतः तयार केली. मी ती छापली, आणि काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा छापली. क्रमांक एक, चंद्र समुद्र, सेवेत रुजू १ जानेवारी १९००. क्रमांक दोन, केरबा. जागा एक.

मी चंद्राचं नाव काढायला गेले. पोर्टलने कारण विचारलं आणि चारच कारणं पुढे ठेवली: राजीनामा, सेवानिवृत्ती, मृत्यू, बडतर्फी. राजीनाम्याला सही हवी. सेवानिवृत्तीला जन्माचा दाखला हवा, तो नाही. मी म्हटलं, मृत्यू घालते, कोण विचारतंय. केरबाने माझा हात धरला.

"आसलं नगं लिवूस पोरी. त्येच्यावर बायकांचं उपास सुटत्यात."

उरली बडतर्फी. साहेब म्हणाले, "गैरहजेरी आहेच रेकॉर्डवर. पण खात्याची चौकशी लागेल. कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी दिली नाही तर वर टिकणार नाही." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसायची हिंमत झाली नाही. चौकशीची नोटीस निघाली. ती बजावायला आकाशात कोण जाणार? नियमाप्रमाणे दर्शनी भागी चिकटवायची, म्हणून केरबानेच शिडी लावून पाण्याच्या टाकीच्या उंच कठड्यावर, वर तोंड करून ती चिकटवली.

कार्तिक शुद्ध अष्टमीला दुपारी चार वाजता जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. अरिहंत चौगुले. मूळचे सांगलीकडचे, बारीक अंगाचे, शांत बोलणारे. आल्या आल्या त्यांनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. साडेपाचला दहा मिनिटं थांबू." मग फाईल उघडली आणि शिपायाला पुकारा करायला लावला. चंद्र समुद्र हाजिर हो! तीनदा.

"गैरहजर लिहू?" ते म्हणाले.

"आलाय की साहेब," केरबा म्हणाला. "खिडकीतनं बगा. टाकीच्या वर."

सगळे खिडकीशी गेलो. टाकीच्या वर, भर उन्हात, अर्धा चंद्र होता, धुवून वाळत घातलेल्या टोपीएवढा पांढरा. चौगुले साहेबांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि खुर्चीत येऊन लिहिलं, 'कर्मचारी हजर.'

मग त्यांनी विचारलं, याची बाजू कोण मांडणार? नियम असा की त्याच पदावरचा सहकारी हवा. चंद्राच्या पदावर सबंध चिंचपेठेत एकच माणूस होता. म्हणजे ज्याची जागा चंद्र खाणार, त्यानेच चंद्राची वकिली करायची. मी केरबाला कोपऱ्यात घेतलं. "मामा, काही बोलू नका. नुसतं 'काही सांगायचं नाही' म्हणा. तो बडतर्फ झाला की जागा तुमची." केरबाने मान हलवली. चंद्राबाई दारात उभी होती, तिनेही डोळे वटारले. "त्वांड उघडू नगासा आज." त्याने तिलाही मान हलवली.

पहिला आरोप, रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर. केरबा गप्प राहिला. दुसरा आरोप, रात्री विनापरवाना वावर. केरबाने खाली बघितलं. मला वाटलं, जमलं. तिसरा आरोप साहेबांनी वाचला: "मागील महिन्यात वद्य पक्षात एका तारखेस कर्मचारी उगवलाच नाही."

"खोटं हाय," केरबा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

"साहेब, म्या सोता बगितलाय. आदल्या दिशी रातच्या पावनेबाराला उगवला. फुडच्या येळंला उगवला तवा बारा वाजून गेलं व्हतं. तवर तुमची तारीक बदलली. मधली तारीक निसटली ती तुमची. त्यो न्हाई निसटला." मग तो म्हणाला, "उशीर करतोय, पर रोजचा तेवडाच करतोय. म्हैन्याला परत जाग्यावर येतोय. खाडा न्हाई."

"आणि अमावस्येला?" चौगुले साहेबांनी विचारलं. "इथे पूर्ण हजर दाखवलाय. पण त्या दिवशी तो कोणालाच दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई आसं कुठं आसतंय? आसतो साहेब. काम करतो. निस्ता दिसत न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

केरबा बोलायला गेला आणि थांबला. दाराकडे त्याने बघितलं. चंद्राबाईने पदर तोंडात धरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मलाबी त्याच दिशी बिरेक आसतोय."

चौगुले साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडून केरबाचे हुकूम मागवले आणि ब्रेकच्या तारखा बोटाने खाली खाली बघत गेले. सगळ्या अमावस्या. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "महिन्यातल्या सगळ्यात काळ्या रात्री तुमचा दिवे लावणारा माणूस कामावर नसतो. मग त्या रात्री दिवे कोण लावतं?"

खरं सांगते, मला लाज वाटली, आजही वाटते. चार वर्षं मी अमावस्येचा ब्रेक टाइप करत होते आणि त्याच रात्री त्याच दिव्यांखालून चालत घरी जात होते. दिवे लागलेले असायचे. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की ते लावले कोणी.

केरबाचे हात जोडलेले होते. "चूक झाली साहेब. बिरेकच्या दिशी खोलीत जायाची परवानगी न्हाई, मला म्हाईत हाय. पर अवसेला लय काळोख आसतो. पोरं किलासातनं येत्यात. म्हून मागच्या बोळानं जायाचा. कुनाला दिसू नये म्हून." त्याला वाटत होतं, आता आपल्यावरच दुसरी चौकशी बसणार.

"चोरावानी जात्यात साहेब," दारातून चंद्राबाई म्हणाली. तिला आता राहवलं नाही. "एकोनीस वर्सं झाली. कामाला जायाचं आन् चपला हातात घिऊन जायाचं!"

"याला पुरावा?" चौगुले साहेबांनी विचारलं. आवाज कडक नव्हता, पण प्रश्न कडक होता.

पुरावा खटक्यांच्या खोलीत होता. केरबाने कुलूप काढलं आणि आम्ही आत वाकून गेलो. एकोणीस वर्षांत त्या खोलीला कोणी रंग दिला नव्हता; हलगर्जीपणाचा एवढा उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. चारी भिंतींवर कोळशाच्या उभ्या रेघा. एका दिवसाची एक रेघ. रेघेखाली बारीक आकड्यांत वेळ, चंद्र वाघजाईच्या डोंगरावर कधी आला त्याची. दिवे लावून झाले की केरबा पायरीवर बसून ती वाट बघायचा. वाघजाईचा डोंगर आमच्या अगदी पूर्वेला उभा आहे, त्यामुळे पंचांगातला चंद्र आम्हाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उशिरा मिळतो. पुष्कळ ठिकाणी वेळेऐवजी 'ढग' लिहिलेलं होतं.

"हे कशासाठी लिहिता?"

"येतोय का न्हाई, बगाया कुनीतरी पायजेल की साहेब."

आणि दर महिन्याच्या रेघांच्या शेवटी एक ठिपका. रेघ नाही, ठिपका. ज्या दिवशी तो हजेरीवर नव्हता, त्या दिवशी रेघ ओढायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याने आपल्यापुरतं ठरवलं होतं. चौगुले साहेब ठिपके मोजायला लागले. मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. उजेड कमी झाला तेव्हा मी मोबाइलची बॅटरी धरली. दोनशे पस्तीस. मोजून ते बाहेर आले तेव्हा सूर्य बुडून गेला होता आणि डबा टेबलावर तसाच होता. ते त्याकडे बघून नुसते हसले आणि उपाशीच गाडीत बसले.

आठ दिवसांनी, कार्तिकी पौर्णिमेला त्यांचा निर्णय आला. चंद्र समुद्र यांची सेवा अखंड आहे. एक तारीख कार्यालयाने हरवली, कर्मचाऱ्याने नाही. त्याच न्यायाने केरबा यांचीही सेवा अखंड आहे. ब्रेकच्या दिवशी दिवे लागले होते. मी टाळी वाजवणार तोच पुढची ओळ वाचली. 'परंतु जागा एक असल्याने ती ज्येष्ठतेनुसार चंद्र समुद्र यांस देण्यात यावी. त्यांनी तीस दिवसांत कार्यालयात समक्ष येऊन सेवापुस्तकात अंगठा द्यावा. न आल्यास क्रमांक दोन.'

शेवटच्या चार शब्दांत चौगुले साहेबांनी काय ठेवलं होतं, ते मला कळलं. वीरधवल साहेबांनाही कळलं. फक्त केरबाला कळलं नाही, किंवा कळूनही त्याने घेतलं नाही. तो मुदतीचे दिवस मोजायला लागला, पण आपल्यासाठी नाही. "त्येला निरोप पोचवाया पायजे," म्हणून त्याने ही नोटीसही टाकीवर चिकटवली. रोज संध्याकाळी पायरीवर उभा राहून वर बघून सांगायचा, इतके दिवस राहिलेत. चंद्राबाई म्हणायची, "ह्यास्नी सांगून उपेग न्हाई. लोकांच्या पोटाला घालत्याल आन् आपुन पानी पित्याल."

तिसावा दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचा निघाला. पंचांगात चंद्रोदय पाच वाजून अडतीस मिनिटं. कार्यालय बंद होतं सव्वासहाला, आणि अंगठ्यासाठीचा पुकारा मुदतीच्या शेवटच्या दिवशीच, कार्यालय बंद होताना करायचा होता; तेव्हा तो डोंगरावर दिसला तर चौकशीत धरला तसा हजर धरावा लागणार. मी दुपारीच खोलीतल्या भिंतीवर जुन्या मार्गशीर्ष पौर्णिमा शोधून आले होते. एका वर्षी सहा बारा, एका वर्षी सहा वीस, एका वर्षी ढग. म्हणजे सगळं पाच मिनिटांवर आलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. पाप म्हणा हवं तर. मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी चंद्राबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि बाकावर बसली. टेबलावर कोरं सेवापुस्तक, त्याच्याशेजारी शाईचा पॅड. केरबा दारात उभा, तोंड डोंगराकडे. अचानक तो आत वळला.

"पोरी, आत्ता सूर्य बुडाला. तुझ्या घड्याळात सा वाजून धा झाल्यात. सूर्य चुकला म्हनायचं का घड्याळ?"

मी टेबलावरचं सेवापुस्तक उगाच सरळ केलं.

"घे मागं."

"मामा, अहो तुमच्यासाठीच..."

"मागं घे म्हनतो न्हवं! त्येचा येळ त्येला दे. न्हाईतर म्या आंगठा देनार न्हाई."

मी पुन्हा स्टुलावर चढले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही तितकाच आला होता. इतक्या वर्षांत या माणसाला कोणी एक दिवस जास्तीचा दिला नाही, आणि हा चंद्राची दहा मिनिटं सोडायला तयार नव्हता.

सहा दहा. वाघजाईची कड पांढरी व्हायला लागली. सहा बारा. वीरधवल साहेब उठून दारात आले. सबंध कार्यालय दारात आलं. कड इतकी उजळली की कड्यावरची झुडपं एकेक मोजता आली असती. केरबाच्या हातात पॅड होता. चंद्र आला तर त्याच्यापुढे धरायला, असंच त्याच्याकडे बघून वाटत होतं. सहा चौदा.

"चंद्र समुद्र," साहेबांनी पुकारा केला. "चंद्र समुद्र. चंद्र समुद्र."

घड्याळात सव्वासहा झाले. डोंगरावर उजेड होता, चंद्र नव्हता.

साहेबांनी पुस्तक उघडलं. चंद्राबाईने केरबाचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून त्याचा अंगठा पहिल्या पानावर टेकवला. ठसा स्वच्छ उठला. कोणीतरी पेढे आणायला धावलं. मी बाहेर बघितलं तेव्हा सहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती आणि चंद्र डोंगराच्या वर आला होता, अख्खा, ताटाएवढा.

केरबा पायरी उतरून अंगणात गेला. शाईचा अंगठा तसाच वर धरून म्हणाला, "चार मिन्टं उशीर क्येलास गड्या."

"मुद्दाम क्येलाय त्येनं," चंद्राबाई म्हणाली.

त्या रात्री त्याला कामच नव्हतं. पौर्णिमा होती आणि आदेशाप्रमाणे दिवे बंद होते. कायम झालेला माणूस पहिल्याच दिवशी रिकामा बसला, आणि पोर्टलवर चंद्राच्या नावापुढे आलं: 'प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.'

पंधरा दिवसांनी अमावस्या आली. मी हुकूम टाइप करायला हात पुढे केला आणि आठवलं, आता टाइप करायला काही नाही. संध्याकाळी साडेपाचला बघते तर केरबा जागेवर नाही. मी तशीच उठून टाकीच्या मागे गेले. बोळाच्या तोंडाशी तो भिंतीला घसटून चालला होता, चपला हातात.

"मामा!"

तो दचकला. चपला पाठीमागे लपवल्या त्याने.

"मामा, आज तुम्ही हजेरीवर आहात."

"व्हय की," तो म्हणाला. "सवय लागलीया, पोरी."

मग त्याने चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि आलेला बोळ सबंध परत गेला. एसटीच्या थांब्यावरून, चहाच्या हॉटेलावरून, बाजारपेठेच्या मधोमध. लोक म्हणाले, "काय केरबा, अवसंचा आज हिकडनं?" तो प्रत्येकाला थांबून सांगत होता, "ड्युटी हाय." एवढंसं अंतर, पण त्याला वीस मिनिटं लागली आणि त्या दिवशी गावात दिवे थोडे उशिरा लागले.

मी त्याच्या मागोमाग खोलीपर्यंत गेले होते. खटके टाकून झाल्यावर त्याने कोनाड्यातला कोळसा घेतला, भिंतीवर त्या महिन्याच्या शेवटच्या जागेपाशी आला, आणि ठिपका न काढता रेघ ओढली.